फळ्यावरचा मासा

"खोटं वाटेल तुला, कुणालाच पटत नाही, पण कोबे बंदरातल्या एका खानावळीचा फळा रोज सकाळी मी लिहायचो. जपानीत!" भिकाआजोबांनी चहा बशीत ओतला. उभा जन्म त्यांनी बोटीवर स्वयंपाकी म्हणून काढला होता.

त्यांची नात केतकी जपानी शिकत होती. "बोलता येतंय ना, मग रोज काय गिरवायचं?" असं म्हणत तिने नुकतीच वही मिटली होती.

कोबेत असताना आजोबांचंही हेच म्हणणं होतं. खानावळीच्या मालकीणबाईने त्यांच्या हाती कुंचला दिला होता. "बोलतोस झकास. आता रोजच्या पदार्थांचा फळा लिहायला शीक, की हे स्वयंपाकघर तुझं." बोटीवर परतल्यावर आजोबांनी त्या कुंचल्याने तव्याला तेल लावलं. पुढच्या खेपेला चुलीपुढे दुसराच कुणी उभा होता.

"अगं, लोक ताट सोडून माझा 'मासा' बघायला यायचे! हा बघ." बशीत बोट बुडवून त्यांनी टेबलावर माशाचं जपानी अक्षर काढलं. आधी तळाचे चार ठिपके दिले, मग वर चढत गेले. मासा हुबेहूब उतरला. बोट बंदराला लागली की त्या फळ्यासमोर ते किती वेळ उभे राहायचे!

केतकीचं बोट नकळत हवेत फिरलं, वरून खाली.

"आजोबा, ठिपके शेवटी देतात. गिरवलं की हात आपोआप तसाच जातो. तुम्ही हा मासा नुसता बघितलाय. लिहिला कधीच नाही."