बोटीवर वाढवलेला नारळ

भंगारातून आणलेल्या फायबरच्या मोटरबोटीचा तळ श्रीपादरावांनी स्वतःच घासला. जिथे भोक दिसलं तिथे नुसती पुट्टी थापली आणि वरून चकचकीत निळा रंग फासला. कुणी कोळी काही सांगायला आलाच, तर म्हणायचे, "तुमची अक्कल लाकडापुरती!"

नारळी पौर्णिमेला गाव किनाऱ्यावर जमलं. पहिल्या फेरीला बायको बसणार, हे त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलेलं. हेमांगीला पोहता येत नव्हतं, आणि नवऱ्याची कारागिरी तिने जन्मभर भोगलेली.

"अहो, नारळ दगडावर तरी वाढवा!"

"गप गं! बोटीचा मान बोटीला."

त्यांनी नारळ बोटीच्या तोंडावर दाणकन आपटला. नारळाला ओरखडाही नाही. बोटीला मात्र भगदाड पाडून तो आत जाऊन बसला.

हेमांगीने हात घालून तो बाहेर काढला, डोळ्यांना लावला.

"पावलास रे बाबा," ती समुद्राला म्हणाली आणि अख्खा नारळ त्यालाच वाहिला.