शेवटच्या रांगेतला हात

पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेत श्रोत्यांपैकी कुणीही प्रश्न विचारू शकतं, पण विचारत कुणी नाही. सगळ्यांचं लक्ष बाहेरच्या पेढ्यांवर असतं. म्हणून माझ्या परीक्षेत शेवटच्या रांगेत वाकड्या बोटांचा हात वर गेला, तेव्हा सगळ्या माना मागे वळल्या. आई होती.

"रक्तातल्या काही पेशी चुकून आपल्याच सांध्यांविरुद्ध अँटीबॉडी बनवतात, हे कळलं," ती म्हणाली. "पण त्यांना आवरणाऱ्या पेशीही असतात ना? मग औषधानं सगळ्यांनाच कशाला झोपवायचं? आवरणाऱ्याच वाढवल्या तर?"

बाहेरगावच्या परीक्षकांनी कागदावरच्या आपल्या प्रश्नावर काट मारली. "हेच मी विचारणार होतो. बाई, आपण कुठे शिकवता?"

"छे हो, ब्लाउज शिवायचे. संधिवातानं बोटं आखडली. आता ही रोज माझी बोटं शेकताना प्रयोगातलं सांगत बसते, मी शंका काढत बसते."

मी उत्तर दिलं. टाळ्या झाल्या. परीक्षकांनी प्रबंधात एकही दुरुस्ती सुचवली नाही.

मीच एक केली. ऋणनिर्देशात आईचे आभार 'मायेबद्दल' मानले होते. ते खोडून लिहिलं, 'चर्चेबद्दल'.