शेवटची जोडी

"हलू नकोस सूनबाई! आहेस तिथेच उभी राहा!" टेलर मास्तर ओरडले, आणि नवी सून चहाचा ट्रे घेऊन दारातच थिजली.

कसोटीचा शेवटचा दिवस. नऊ गडी बाद झाले होते आणि जिंकायला अजून चाळीस धावा हव्या होत्या. मैदानात आपली शेवटची जोडी होती. दोघेही बॉलर, बॅट अशी धरत होते की जणू कुत्रं हाकलायला काठी घेतलीय. शहाण्या माणसाने टीव्ही बंद करून कामाला हात घातला असता. पण सून दाराशी आली आणि त्याच चेंडूवर चौकार गेला. पाठोपाठ आणखी एक.

मास्तरांच्या दुकानाचा नियम होता. जोडी जमली की कोणी जागा सोडायची नाही. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, त्यामुळे घरालाही नियम तोच. मास्तर मशीनवर अडकले, गळ्यात टेप तसाच. त्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, कापडं बेतायच्या टेबलावर मांडी घालून बसला होता, तो तिथेच राहिला. इस्त्रीवाल्याने पाय न उचलता, नुसता हात लांब करून ट्रे काढून घेतला.

"मास्तर, पायगुण जबरदस्त आहे हां सूनबाईंचा," तो म्हणाला. "हे लग्न मागच्या मोसमात लावलं असतं, तर ती मालिकापण आपलीच होती."

सगळे हसले. सूनही हसली. लग्नाला महिनाही झाला नव्हता, आणि या घरात आज पहिल्यांदाच सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते.

धावा होत गेल्या. चाळिसाच्या वीस झाल्या. तिच्या पोटरीला खाज सुटली, म्हणून तिने एका पायाने दुसरा पाय जरासा चोळला. नेमका तेव्हाच चेंडू बॅटची कड घेऊन स्लिपच्या हातांवरून गेला. खोलीतल्या सगळ्या माना टीव्हीवरून तिच्याकडे वळल्या.

"अगं, काय करतेस!" नवरासुद्धा ओरडला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ज्या खांद्यांवर चढवलं जातं, तिथूनच खाली टाकलंही जातं.

तिला मागच्या अंगणातली आत्या आठवली. आत्या मास्तरांची थोरली बहीण. काज-बटणाचं काम तिच्याकडे. फार वर्षांपूर्वी अशाच एका सामन्यात ती काहीतरी विचारायला आत आली, आणि हातातली मॅच गेली. तेव्हापासून ती पांढऱ्या पायाची ठरली. कोणी तिला तोडून बोलत नसे, जेवणखाण वेळेवर मिळे. पण मॅच लागली की ती आपणहून बटणांचा डबा उचलून अंगणात जाऊन बसे. आपली टीम जिंकताना तिने कधी पाहिलीच नव्हती.

"राग नाही येत?" सुनेने सकाळी तिला विचारलं होतं.

"राग कसला त्यात? टीमचं भलं होतंय ना, झालं तर मग!" आत्या म्हणाली होती.

आता पाच धावा उरल्या. सुनेचे पाय बधिर झाले होते, पण ती खांबासारखी उभी होती. ही विकेट पडली तर उद्यापासून अंगणात आत्याच्या शेजारी आणखी एक स्टूल लागणार, हे तिला कोणी सांगायला नको होतं. मास्तर श्वाससुद्धा मोजून घेत होते. इस्त्रीवाल्याने डोळे मिटून घेतले होते.

एवढ्यात मागून चपला फटफटल्या.

"सरक गं," म्हणत आत्याने सुनेला खांद्याने बाजूला सारलं आणि ती थेट खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. "काय रे, किती झाले?"

बॉलर धावत सुटला होता.

"अक्का, बाहेर हो!" मास्तर किंचाळले.

चेंडू टप्पा पडून आत वळला. मधली दांडी उडाली.

मग जे व्हायचं ते झालं. "आत्ताच यायचं होतं का तुला? त्या पोरीने बिचारीने एवढा वेळ धरून ठेवलं होतं, आणि तू येऊन घालवलंस!" मास्तरांनी टेप गळ्यातून ओढून भिरकावला. इस्त्रीवाल्याने कपाळाला हात लावला. नवऱ्याने बायकोला खुर्ची दिली. "बस जरा. पाय दुखले असतील तुझे," तो म्हणाला.

"चुकलंच माझं," आत्या म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

थोड्या वेळाने सून चहा घेऊन अंगणात गेली. आत्या रडत असेल असं तिला वाटलं होतं. आत्या शांतपणे सुईत दोरा ओवत होती. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा रेडिओ चालू होता. आपला कप्तान बोलत होता, "हरलो, पण माझ्या शेवटच्या जोडीला सलाम." टाळ्या वाजल्या. निवेदकाने पुढचं नाव पुकारलं.

सुनेने कप खाली ठेवला. तेवढ्यात घरातल्या टीव्हीवर कप्तान बोलू लागला, "हरलो, पण माझ्या शेवटच्या जोडीला सलाम."

तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा दाराकडे. नवऱ्याने मोबाइल जोडून टीव्हीवर मॅच लावली होती. ती रेडिओच्या थोडी मागे चालत होती.

"आत्या, तुम्हाला आधीच कळलं होतं! विकेट पडली होती, आणि मग तुम्ही आत आलात!"

"हळू बोल," आत्या दोरा दाताने तोडत म्हणाली. "मग काय? चालू मॅचमध्ये मी आत पाऊल टाकेन होय?"