चहाच्या ग्लासातलं ऑइल

नरोलीच्या गॅरेजात मिस्त्रींनी गिअरबॉक्समधलं ऑइल चहाच्या ग्लासात काढून दाखवलं. काळंकुट्ट, करपट वासाचं. “बाईच्या हातात गाडी दिली की हेच होणार,” नवरा हसत म्हणाला. माझा डावा पाय पोलिओचा, क्लच दाबवत नाही. म्हणून माझ्या पगारातून ऑटोमॅटिक घेतली. शाळेच्या फेऱ्यांत दीड लाख किलोमीटर झाले. ऑइल बदलायचं एकदाही चुकवलं नाही. मिस्त्री हसले नाहीत. “मॅडम, सहा महिन्यांपूर्वीच नवं भरलं होतं. उतारावर गाडी न्यूट्रल कोण करतं? धावत्या गाडीत परत गिअर टाकला, की आतल्या प्लेटा जळतात.” दर रविवारी खानवेलच्या उतारांवर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवल्याची फुशारकी नवराच मारायचा. ग्लास मी त्याच्या हातात दिला. “धर. हुंग.” त्याच्या दुसऱ्या हातातला किल्ल्यांचा जुडगा ओढून घेतला. गाडीची किल्ली काढली. मग घराच्या किल्लीवर बोट थांबलं.