पडद्याआडची चार मिनिटे

"गॉडबी, पडद्याआड तू इतका वेळ काय करत होतास?"

कारभारी पर्किस हे तिसऱ्यांदा विचारत होता. पार्लमेंटच्या निवडणुकीत कर्नल फेनर बिअर गाळणाऱ्या ब्रिंडलपुढे अवघ्या एका मताने पडले होते. पंधरा वर्षे त्यांची कुळे रांगेने जाऊन, चारचौघांत, मोठ्याने त्यांचे नाव उच्चारत आली होती आणि पर्किस वहीत प्रत्येकापुढे खूण करत आला होता. यंदा कायद्याने मतदान गुप्त झाले. पर्किसच्या हाती उरले फक्त घड्याळ. इतर कुळे पडद्याआड जाऊन क्षणात बाहेर आली. एलियास गॉडबीला चार मिनिटे लागली.

"नाव जुळवत होतो, साहेब." म्हाताऱ्याने एक मळका कागद उलगडला. पलटणीतून सुटल्याचा दाखला होता तो. त्यावर कर्नलांचे नाव ठळक छापलेले होते. "मला कुठं वाचता येतं? हा शेजारी धरला आणि एकेक अक्षर बोटानं ताडून बघितलं. बायकोनं बजावलं होतं, घाई करशील आणि त्या बिअरवाल्यापुढं फुली मारून येशील."

पर्किसला हा खुलासा फार नीटनेटका वाटला. इतके नीटनेटके, त्याच्या मते, फक्त खोटेच असते. दुपारपर्यंत गॉडबीला नोटीस पोचली: सप्टेंबरअखेर घर आणि शेत सोडावे. बापाने लावलेली सफरचंदाची झाडे अर्थातच जमिनीबरोबर राहणार होती.

दुसऱ्या दिवशी कर्नल न्याहारीला बसले होते. तरुणपणी वडिलांनी त्यांना पलटणीत हुद्दा विकत घेऊन दिला होता, पुढे पार्लमेंटातली जागाही मिळवून दिली होती. तिथे त्यांनी एकच लक्षात राहण्यासारखे भाषण केले, ते गुप्त मतदानाविरुद्ध. इंग्रज माणूस तोंड लपवून मत देत नाही, असे त्यांनी सभागृहाला सुनावले होते. पराभवाचे त्यांना फारसे दुःख नव्हते. कुतूहल मात्र होते, कोल्हा नेमका कुठल्या बिळात शिरला याचे असावे तसे.

"सापडला का रे तो?"

"गॉडबी, साहेब."

"गॉडबी? क्रायमियाच्या लढाईत माझा घोडा तोच सांभाळायचा. कमाल आहे. माणूस कळत नाही बघ."

"आणि तिकडे ब्रिंडल गावभर सांगत सुटलाय, मी माझं मत मलाच दिलं म्हणून."

कर्नल मनापासून हसले. "देणारच. बिअर गाळणाऱ्याला काय कळणार? सभ्य माणूस आपलं मत प्रतिस्पर्ध्याला देतो. वडिलांनी दिलं, आजोबांनी दिलं, मीही दर खेपेला देत आलो."

"यंदाही, साहेब?"

"म्हणजे काय? कोणी बघत नाही म्हणून रीत सोडायची?"

पर्किसने वही उघडली. तीत कुळांची नावे होती. मालकाचे नाव तिच्यात कधीच नव्हते. त्याने मनातल्या मनात एक मत इकडून उचलून तिकडे ठेवले, आणि निवडणूक जिंकली.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "गॉडबीची नोटीस कालच गेली."

कर्नलांनी चमच्याने अंड्याचे टोक अलगद उडवले.

"बिचारा. पण आता परत मागवायची तर कारण सांगावं लागेल, आणि मत गुप्त असतं, पर्किस."