नकाराची तालीम

व्यसनमुक्ती केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या डोळ्यांवर तो आभासी दृश्यं दाखवणारा जाडजूड चष्मा चढवला की समोर हुबेहूब बार उभा राहायचा. खोटा वेटर खोटा पेग पुढे करायचा, हा तो हाताने बाजूला सारायचा, आणि लगेच कानात आवाज यायचा, "शाब्बास!" गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

घरी येऊन तो बायकोला हे रंगवून सांगायचा. एकदा भांडी घासता घासता ती म्हणाली, "खऱ्या बारमध्ये नाही म्हणून दाखवा, मग बोलू."

झालं! इरेला पेटून तो तडक जुन्या बारमध्ये जाऊन बसला. वेटरने न विचारताच नेहमीचा पेग आणून ठेवला. याने तो ऐटीत बाजूला सारला आणि कान टवकारले. कुणी काही बोलेना. हात नीट लागला नसेल, म्हणून ग्लास जवळ ओढून पुन्हा सारला. बार आपल्याच गोंगाटात दंग.

"साहेब, प्यायची तर प्या," वेटर म्हणाला, "ग्लासने टेबल कशाला पुसताय?"

वैतागून त्याने ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला.

शेजारच्या टेबलावरून पाठीवर सणसणीत थाप पडली, "शाब्बास!"