मेव्हण्याचे फोटो

"हा माणूस लोकांना घाबरतो," बाई म्हणाल्या आणि टेबलावर पसरलेले फोटो पत्ते गोळा करावेत तसे गोळा करून त्यांनी पाकिटात घातले. "सगळे लांबून काढलेत. चोरून. मासिकात नाही चालायचे."

संपादकांनी चष्मा काढून पुसला. "एकही नाही?"

"एकही नाही."

"हौशी आहे हो तो. बँकेत नोकरी करतो. पण बायकोच्या भावाला नाही म्हणायचं म्हणजे..."

"मी नाही म्हणाले असं सांगा. मला सवय आहे."

सवय खरीच होती. मासिकाच्या या कलासंपादक बाईंना ऑफिसात पाठीमागे 'कात्री' म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. फोटो कुणाचाही असो, त्या बोटांची चौकट करून बघायच्या आणि निम्मा उडवायच्या. उरलेला निम्मा बघून फोटोग्राफरलाच वाटायचं, अरे, आपल्याला हेच तर काढायचं होतं.

त्यांच्या वडिलांचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ होता. भल्याभल्यांना 'हनुवटी जरा खाली' म्हणून दटावायला त्या तिथेच शिकल्या. मुलगी दुकान सांभाळेल असं वडिलांना वाटत होतं. मुलगी कॅमेरा घेऊन रस्त्यावर गेली. आग विझवून आलेला एक जवान बंबाच्या पायरीवर बसल्या बसल्या झोपी गेला होता, तो तिनं टिपला. मासिकानं तो मुखपृष्ठावर घेतला आणि अंक हातोहात संपला. मग तिथेच नोकरी लागली, पुढे कलासंपादकाची खुर्ची मिळाली. मुखपृष्ठाचे फोटो बाई अजूनही बहुतेक स्वतःच काढायच्या. दुसऱ्याचा बरा असेल तर त्याचा घ्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तो क्वचितच बरा असायचा.

मेव्हण्याची पाकिटं येतच राहिली. संपादक दार लोटून घेत, पाकीट पुढे सरकवत आणि खिडकीबाहेर बघत उभे राहत. बाहेर ऑफिसात खुसखुस चाले.

"बाई, तुमचं निवृत्तीचं वय झालंय," मुद्रितशोधक एकदा चहा पिताना म्हणाले. "मालकांना तुमच्या जागी कुणीतरी तरुण हवंय. मुदतवाढ साहेबांच्या शब्दावर आहे. एखादा फोटो कोपऱ्यात छापला तर काय बिघडतं?"

"कोपऱ्यात छापण्यासारखा असता तर छापला असता."

घरी नवरा कपड्यांच्या घड्या घालत होता. त्यानंही तेच सांगितलं. "अगं, खुर्ची राहिली तर पुढे मनासारखं करशील ना? एकदाच छापायचाय."

"एकदा छापला की तो जन्मभर तसलेच काढत बसेल."

"बसू दे की. तुझं काय जातं?"

बाईंनी त्याच्या हातातला सदरा घेतला आणि नीट घडी घातली. "हात चांगला आहे रे त्याचा," त्या म्हणाल्या.

पुढच्या पाकिटाच्या वेळी त्या जास्तच कडक बोलल्या. "सगळे उभ्यानं काढलेत. त्याला म्हणावं, जमिनीवर बस, लोळ, कपडे मळू देत. आणि समोरच्याला विचार. फोटो काढू का म्हटलं म्हणून कुणी मारत नाही."

"आणि मारलं तर?"

"तर फोटो चांगला येईल."

संपादक हसले नाहीत. पाकीट उचलून गेले.

मुदतवाढीची बैठक मालकांच्या खोलीत होती. बाई आधीच येऊन ताठ बसल्या होत्या. संपादक लंगडत आले, जिन्यात पाय मुरगळला म्हणाले.

मालकांनी सरळ विचारलं, "या बाई हव्यातच का आपल्याला?"

"माझं अजिबात ऐकत नाहीत त्या," संपादक म्हणाले. "माझ्या मेव्हण्याचा एक फोटो छापत नाहीत."

मालक खूश झाले. "मग प्रश्नच मिटला."

"म्हणून तर हव्यात," संपादक म्हणाले.

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. आभार मानले नाहीत. मुदतवाढ मिळाली, आणि त्यानंतर आलेलं पाकीटही त्यांनी जसंच्या तसं परत केलं.

मासिकाच्या वर्धापनदिनाचा अंक जवळ आला. मुखपृष्ठासाठी बाईंनी दीपगृहाच्या रखवालदाराचा फोटो काढला होता. उत्तम होता, आणि तो उत्तम आहे हे त्यांनी सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. पान छपाईला जायच्या दिवशी संपादक पाकीट घेऊन आले. या वेळी त्यात एकच फोटो होता.

बसच्या आगारात काचा धुणारी एक बाई. हातात पाण्याचा पाइप. कॅमेरा तिच्या इतका जवळ, इतका खाली, की ती थेट बघणाऱ्यावर खेकसते आहे असं वाटावं. पाइपाचं तोंड वळलेलं, अर्ध्या भिंगावर पाणी उडालेलं, आणि रागाच्या मागून तिला हसू फुटायला लागलेलं.

बाईंनी बोटांची चौकट केली. मग हात खाली घेतले.

"किती कापायचं?" संपादकांनी खिडकीकडे तोंड करून विचारलं.

"काही नाही." त्यांनी कॉम्प्युटरवरच्या पानावरून दीपगृह काढलं आणि तिथे ही बाई बसवायला घेतली.

"अहो, पण तो तुमचा फोटो... आणि लोक म्हणतील, साहेबांच्या मेव्हण्याचा वशिला."

"म्हणू देत. फोटो बघितला की गप्प बसतील. खाली नाव काय टाकायचं?"

संपादक चाचरले. "विचारून सांगतो. नकोच म्हणेल बहुतेक. फार बुजरा आहे तो."

"बुजरा कसला? इतके दिवस मी तोंडावर सुनावतेय, तरी दर वेळी नवं पाकीट घेऊन येतोय," बाई म्हणाल्या आणि 'छायाचित्र' या शब्दापुढे त्यांनी संपादकांचं नाव टाइप केलं.